ज्याची ओळ त्याने

रविवारी संध्याकाळी पावणेपाच वाजले की आमचे शेजारी स्वतःच्याच घरी जायला निघायचे.

हे लिहिताना मला आजही हसू येतं, पण यात अतिशयोक्ती नाही. बरखेड्याला, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आमचं क्वार्टर आणि त्यांचं क्वार्टर यांच्यामध्ये एकच भिंत होती, त्यामुळे त्यांच्या मागच्या दाराची कडी वाजली की आम्हाला कळायचं. आधी काका बाहेर पडायचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, मरून टाय, पॉलिश केलेले बूट आणि मे महिन्यातसुद्धा कोट. मागून काकू, रेशमी साडी नेसून, केसांत मोगरा असला तर मोगरा माळून. मागच्या गल्लीने दोघं चालू लागायचे, पाण्याच्या टाकीला वळसा घालायचे, आणि आमच्या रांगेतल्या झाडून सगळ्या क्वार्टरांसमोरून येऊन स्वतःच्या पुढच्या दाराशी उभे राहायचे. पायरीवर बूट-चपला काढायच्या, काकांनी कडी काढायची, आणि आत जायचं. बरोबर पाचला उपासना सुरू.

मी लग्न होऊन नागपूरहून नुकतीच आले होते. पहिल्या रविवारी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि ह्यांना म्हटलं, "अहो, शेजारचे किल्ली विसरले वाटतं."

हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "चर्चला चाललेत."

"कुठल्या?"

"घरच्या."

ह्यांचं बोलणं असंच, सरकारी तारेसारखं. शेवटी महिन्याभराने मीच धीर करून काकांना विचारलं, "एवढा फेरा कशाला घालता? स्वयंपाकघरातून चार पावलं टाकली की पुढची खोली."

"तीच तर अडचण आहे, सूनबाई," ते म्हणाले. "स्वयंपाकघरातून उठून थेट देवापुढे बसलं की मनात आमटीच असते. थोडं चालून गेलं की आमटी घरी राहते."

मला सूनबाई त्यांनीच केलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी ओळख करून द्यायला गेले त्या दिवशी काकूंना म्हणाले, "घ्या, मुलगा नसला तरी सून आली." आणि हाक सूनबाईची असली तरी बोलायचे मात्र अहो-जाहोने. काकू सरळ अगं-तुगं करायच्या.

माणूस विक्षिप्त होता, यात वाद नाही. नगरकडचे मराठी ख्रिस्ती. कारखाना नवा उभा राहत होता तेव्हा देशभरातून माणसं इथे आली, त्यात हे दोघं आले. रविवारी सकाळी टाउनशिपमधल्या चर्चला जायचे, तिथली उपासना हिंदीत. संध्याकाळची मराठी उपासना ह्यांच्या पुढच्या खोलीत. एके काळी म्हणे पाच मराठी कुटुंबं यायची, मुलं दाराबाहेर सतरंजीवर बसायची. कुणाची बदली झाली, कुणी रिटायर होऊन गावी गेलं. मी आले तेव्हा मंडळी म्हणून एकट्या काकू उरल्या होत्या. पण खुर्च्या मांडल्या जायच्या बाराच्या बारा, आणि भिंतीवरच्या लाकडी पाटीवर गीतांचे क्रमांक शनिवारीच लागायचे.

"सकाळी जाताच की," मी एकदा म्हटलं होतं, "मग संध्याकाळी परत कशाला?"

"सकाळी हिंदीत देवाशी बोलतो," काका म्हणाले. "संध्याकाळी मराठीत त्याच्यापाशी रडतो. हिंदीत रडायला जमत नाही मला, व्याकरण आड येतं."

रडायचे मात्र कधी दिसले नाहीत. आवाज खर्जातला आणि सूर बेताचा. गीत सुरू झालं की आमच्या मांडणीवरची भांडी किणकिणायची. काकूंचा आवाज बारीक, पण सुरात चोख, आणि त्या काकांना ओढून रस्त्यावर आणायच्या. मग यायचं ते वाचन. शास्त्रातला एखादा उतारा आळीपाळीने वाचायची त्यांच्यात पद्धत आहे: चालवणाऱ्याने एक ओळ वाचायची, पुढची मंडळीने म्हणायची. भिंतीच्या अलीकडे मी कणीक मळत असायची, आणि पलीकडून एक जाड ओळ यायची, एक बारीक. मी देवळात जाणारी, तेही संकष्टीला आणि गणपतीत. पण ते ऐकताना हात आपोआप संथ व्हायचे. आठवड्याभराचं काय काय डोक्यात साचलेलं असायचं, ते खाली बसायचं.

एकदा काकू माहेरी गेल्या होत्या. रविवारी पाचला काकांचा आवाज आला, एक ओळ झाली, आणि मग काहीच नाही. पुन्हा त्यांची ओळ, पुन्हा शांतता. मला वाटलं, तब्येत बिघडली की काय. जाऊन बघते तर काका उभे राहून, पुस्तकावर बोट ठेवून, रिकाम्या बारा खुर्च्यांसमोर थांबलेले.

उपासना संपल्यावर मी विचारलं, "मधली ओळही तुम्हीच म्हणून टाकायची ना! कोण आहे बघायला?"

"ती मंडळीची आहे," काका म्हणाले. "ज्याची ओळ त्याने."

हे त्यांचं पालुपद होतं आणि त्यापायी त्यांनी सगळ्यांना पिडलं होतं. पोस्टमनने आमचं पत्र त्यांच्याकडे देऊ केलं की घ्यायचे नाहीत. मला दुपारच्या झोपेतून उठवायचे आणि मी येईपर्यंत त्या बिचाऱ्याला उन्हात उभा करायचे. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. तिथल्या फॉर्मवर दोन चौकटी असायच्या, एक मोजणाऱ्याच्या सहीची, एक तपासणाऱ्याची. एका शनिवारी माल ट्रकवर चढलेला, कागद तयार, आणि मोजणारा पहिल्या चौकटीत सही न करताच मेव्हण्याच्या लग्नाला निघून गेलेला. साहेब म्हणाले, "अरे भाई, दोनों जगह आप ही मार दो. कौन देखता है?"

"मैं देखता हूँ ना, साहब," काका म्हणाले. "उनकी जगह है, वही भरेंगे."

आणि सायकलवर टांग टाकून थेट आनंद नगर गाठलं. तो गडी वरातीत नाचत होता. त्याला फेट्यासकट कॅरिअरवर बसवून काकांनी कारखान्यात आणला, सही घेतली, आणि तसाच परत नेऊन वरातीत सोडला. आमचे हे सहसा किस्से सांगत नाहीत, पण हा त्यांनी पाहुण्यांना इतक्यांदा सांगितला की मला पाठ झाला.

गोड बोलणंही काकांना ठाऊक नव्हतं. दिवाळीत मी फराळाचं ताट पाठवायची, नाताळात त्यांच्याकडून करंज्या-चकल्यांचं ताट यायचं. माझ्या पहिल्या दिवाळीची चकली खाऊन म्हणाले, "सूनबाई, ही तपासणीत नापास." काकूंनी कपाळाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला भाजणी शिकवायला येऊन बसल्या.

काकू देखण्या होत्या. टाउनशिपमध्ये बायका त्यांचं नाव घेताना आधी तेच सांगायच्या. सरळ नाक, गव्हाळ रंग, कमरेपर्यंत केस, गळ्यातल्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांमध्ये एक बारीकसा क्रूस. त्यांना त्याची जाणीव होती आणि थोडी हौसही. साडीला मॅचिंग बांगडी नसली तर पावणेपाचचे पाचला दहा कमी व्हायचे, पण काकू निघायच्या नाहीत, आणि काका कोटात उकडत अंगणात उभे. मला ते फार आवडायचं.

त्या बाईला ऐन थंडीत अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. पण उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालावं लागे, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं गेलं. तोंडातून आवाज यायचे, शब्द व्हायचा नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे डाव्या हाताने आरसा भिंतीकडे फिरवला. समोरच्या क्वार्टरमधली एक बाई भेटायला आली आणि त्यांच्यादेखत मला म्हणाली, "कितनी सुंदर थीं ना!" त्या 'थीं'नंतर काकूंनी पदर तोंडावर ओढला, आणि कुणी आलं की त्या आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या.

काकांनी लांबलचक रजा टाकली. अंघोळ, भरवणं, केस विंचरून वेणी घालणं, सगळं स्वतः. वेणी अगदी पट्टीने आखल्यासारखी. त्या सेवेत मी कधी खोट काढणार नाही. पण आला रविवार की हा माणूस पुन्हा कोट-टाय घालून मागच्या दाराने बाहेर! एकटाच टाकीला वळसा घालून, पुढच्या दाराने आत. खुर्च्या मांडलेल्या, आणि काकूंची नेहमीची खुर्ची पहिल्या रांगेत रिकामी. वाचन सुरू व्हायचं. काकांची ओळ. मग शांतता. काकूंना जेवढा वेळ लागायचा तेवढीच. मग काकांची ओळ. आत बायको पडून ते ऐकतेय.

असे चार रविवार मी भिंतीच्या अलीकडून काढले. माझा संताप व्हायचा. ज्या बाईला बोलता येत नाही, तिच्या कानावर ती शांतता कशासाठी घालायची? निदान वाचन तरी गाळा! ह्यांना म्हटलं तर हे म्हणाले, "त्यांचं ते बघतील." पाचव्या रविवारी मला राहवलं नाही. हात धुतले, तशीच गेले, आणि मागच्या एका खुर्चीवर बसले. काकांनी मान हलवली, एक पुस्तक माझ्याही हातात दिलं. मला बरं वाटलं. वाचन आलं, त्यांची ओळ झाली, आणि मी खणखणीत आवाजात पुढची म्हणून टाकली.

काकांनी आपलं पुस्तक मिटलं.

"सूनबाई, ती ओळ तिची आहे."

"पण काका, त्यांना आता..."

"ती आत ऐकतेय," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही म्हटलीत तर तिची जागा भरली. मग तिने उठून यायचं कशाला?"

मी घरी आले ती रडतच. एक तर चांगलं करायला जावं आणि वर बोलणी खावीत! परत त्या घराची पायरी चढणार नाही म्हणून ह्यांना बजावलं. रात्री पोळ्या लाटताना मात्र डोक्यात प्रकाश पडला. आम्ही सगळ्यांनी काकूंना मनातून निकालात काढलं होतं. जेवू घालायचं, औषध द्यायचं, अरेरे म्हणायचं. तिच्यावाचून काहीतरी अडलंय, हे तिला सांगणारा अख्ख्या टाउनशिपमध्ये तो एकटा होता, आणि तो ते न बोलता सांगत होता. मी ते अडलेलं सोडवून टाकायला निघाले होते.

आता बरखेड्याची ती रांग ओळखू येत नाही. आम्ही रिटायर झाल्यावर आनंद नगरला घर बांधलं. अधूनमधून मी ह्यांना स्कूटरवरून तिकडे न्यायला लावते. निम्मी क्वार्टरं रिकामी आहेत, खिडक्यांच्या चौकटी कुणी काढून नेल्यात, अंगणांत बाभळी माजल्यात. भोंगा झाला की रस्ताभर सायकली वाहायच्या, तो रस्ता दुपारी मोकळा असतो. काका आमच्या आधीच रिटायर होऊन नगरला गेले. हबीबगंजचं स्टेशन तेव्हा लहानसं होतं, आता नावही बदललं आणि विमानतळासारखं चकाचक झालं. त्यांना गाडीत बसवून द्यायला आम्ही गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत ह्यांना कारखान्यातल्या कुठल्याशा फॉर्मबद्दल सूचना देत होते. नगरलाच ते वारले, पुतण्याचं पत्र आलं. ते वाचून मला भिंतीपलीकडची ती दोघंच आठवली, एक जाड आवाज, एक बारीक.

तर तो रविवार सांगायचा राहिला. थंडी सरत आली होती. मी मागच्या अंगणात वाळलेले कपडे काढत होते. पावणेपाचला कडी वाजली, काका बाहेर आले, आणि दार लोटून न घेता तसेच उभे राहिले. पाहते तर दारात चौकट धरून काकू. अंगावर ती निळी रेशमी साडी. एका हाताने नेसलेली, निऱ्या कशाबशा खोचलेल्या, पदर भलतीकडे. काकांनी ती नीट केली नाही. नेसली होती तिने, ती तशीच राहू दिली. नुसते पुढे होऊन खांदा तिच्या हाताशी आणून उभे राहिले.

मी धावत जाऊन म्हटलं, "पुढच्या खोलीत बसा ना काकू, आजचा दिवस फेरा नको!"

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कपडे घेऊन बाजूला झाले.

तो वळसा घालायला त्यांना पाऊण तास लागला. मी मागून चालत होते, पडल्याच तर धरायला. टाकीपाशी त्या थांबल्या, दम घेतला. पुढच्या बाजूला आलो तर रांगेतली सगळी माणसं बाहेर. पोरं खेळ थांबवून बघायला लागली. समोरची ती बाईही ओट्यावर. काकूंचा डावा हात काकांच्या खांद्यावर होता, पदर ओढायचा तर तो सोडावा लागला असता. पण मला विचाराल तर हात मोकळा असता तरी त्यांनी ओढला नसता. मान ताठ होती. वाकडं तोंड सगळ्या टाउनशिपला दाखवत ती बाई देवाच्या घरी निघाली होती.

आत गेल्यावर खुर्चीत बसल्या. मी दाराशी, पायरीवर. वाचन आलं. काकांनी ओळ वाचली आणि बोट ठेवून थांबले. काकूंनी तोंड उघडलं. आवाज आला, घशात अडकला, पुन्हा आला. त्यात शब्द एकही नव्हता. ओळ किती लांब होती कोण जाणे, पण त्यांनी ती शेवटपर्यंत म्हटली, घाम फुटेपर्यंत. त्या क्षणी मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. तोंड वाकडंच होतं, लाळ हनुवटीवर आली होती, हे मी मुद्दाम सांगते, कारण मला कसली चमत्काराची गोष्ट सांगायची नाही. तरीही इतका सुंदर चेहरा मी आयुष्यात पाहिलेला नाही. ज्या रूपाचं सगळे कौतुक करायचे ते झटक्याने नेलं होतं. हे दुसरीकडून कुठून तरी आलं होतं, आणि त्याला हात लावायची झटक्याची टाप नव्हती.

काकांनी पुढची ओळ वाचली. सगळं संपल्यावर म्हणाले, "तिसऱ्या ओळीला घाई केलीत."

काकू हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण खदखदून.

पुढची अडीच-तीन वर्षं एकही रविवार चुकला नाही. शब्द कधी परत आले नाहीत. उपासना एक तासाची दोन तासांची झाली. मी दाराशी बसायची आणि तोंड मिटून ऐकायची. तेवढं मी शिकले होते. मग दुसरा झटका आला, आणि दोन दिवसांत काकू गेल्या.

मंगळवारी त्यांना पोचवलं. रविवारी आम्ही दोघं दुपारीच काकांकडे गेलो, एकटे नकोत म्हणून. ह्यांनी खुर्च्या मांडायला हात लावला. पाटीवर क्रमांक लागलेले होते. पावणेपाचला काका मागच्या दाराने निघाले. कोट, टाय, बूट. टाकीकडून येताना पुढच्या खिडकीतून दिसले. उजवा खांदा थोडा खाली झुकवून चालत होते, तशी त्यांना सवयच लागली होती. दाराशी बूट काढले, आत आले. गीत एकट्यांनी म्हटलं. सूर पार भरकटला, ओढून आणणारं कुणी नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली.

मग वाचन. काकांनी ओळ वाचली, बोट ठेवलं आणि थांबले.

मी दातांखाली जीभ धरून बसले होते. शांतता काकूंच्या ठणठणीत असतानाच्या ओळीएवढी झाली. मग आजारपणातल्या ओळीएवढी झाली. तरी काका पुढे वाचेनात. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता म्हणा."

मी पुस्तकात पाहिलं. आभाराची ओळ होती. देवाचे आभार मानावेत असं त्या घडीला माझ्या मनात काही नव्हतं, उलट चार शब्द सुनवावेत असंच वाटत होतं. पण समोर ते पुस्तकावर बोट ठेवून उभे होते. मी म्हणायला लागले. निम्म्यात आवाज फुटेना, थांबले, पहिल्यापासून सुरू केली. काका थांबून होते. माझी ओळ पुरी झाली, तेव्हाच त्यांनी त्यांची वाचली.